सहा बाटल्या, तीन पत्ते

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या व्होलने गावच्या एका द्राक्षबागाईतदार बाईंकडून आम्ही सहा बाटल्यांचा एक खोका घेतला. वाइन २००५ सालची, ‘क्लो दे शेन’ या मळ्यातली. बाटलीमागे चाळीस युरो पडले. पॅरिसला परतताना गाडीत नवऱ्याने दोनदा तरी ऐकवलं, की एवढ्यात बाल्कनीसाठी टेबल-खुर्च्या आल्या असत्या.

शेवटची बाटली उघडली एप्रिल २०२४ मध्ये. मधल्या साडेपंधरा वर्षांची वही माझ्याकडे आहे. दर बाटलीला एक पान: तारीख, कुठे ठेवली होती, बूच कसं निघालं, पेल्यात रंग कसा दिसला, नाकाला काय आलं, जिभेला काय लागलं, दुसऱ्या दिवशी उरलेल्या घोटाचं काय झालं. हे प्रकरण त्या सहा पानांवरून लिहिते आहे. सहाही बाटल्या एकाच वेळी भरलेल्या, आतली वाइन एकच. त्या कधी उघडल्या आणि तोवर कुठे राहिल्या, एवढाच काय तो फरक. पण बराच काळ मी सगळा दोष आणि सगळं श्रेय वर्षांनाच देत होते. ‘कुठे’ हा प्रश्न वहीत कोपऱ्यात, बारीक अक्षरात असायचा.

वाइन कोणती

बर्गंडीच्या नामांकित लाल वाइन येतात त्या दिजों शहरापासून दक्षिणेला पसरलेल्या, जेमतेम पन्नास किलोमीटर लांबीच्या एका पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावरून. त्याचं नाव ‘कोत दोर’. इथे लाल वाइनचं द्राक्ष म्हणजे पिनो न्वार. १३९५ साली इथल्या ड्यूकने भरघोस पिकणाऱ्या गामे द्राक्षाविरुद्ध फर्मान काढलं, इतका या मंडळींचा पिनोवर जीव जुना आहे. द्राक्ष एकच, म्हटल्यावर फरक उरतो वावराचा. आपल्याकडे ‘वरचं वावर’, ‘ओढ्याकाठचा तुकडा’ अशी शेतांना घरगुती नावं असतात. इथे तशा प्रत्येक तुकड्याचं नाव बाटलीवर छापतात आणि त्यावर भाव ठरतो. या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. सगळ्यात खालच्या पायरीवर नुसतं प्रदेशाचं नाव, मग गावाचं, मग ‘प्रीमिये क्रू’ आणि सगळ्यात वर ‘ग्रां क्रू’. व्होलनेच्या वाट्याला ग्रां क्रू एकही आलेलं नाही. आमच्यासारख्यांना तेव्हा व्होलने परवडलं, ते त्यामुळेच.

व्होलनेची ख्याती नाजूक, सुगंधी वाइनची. शेजारच्या पोमारची राकट. पण क्लो दे शेन, म्हणजे ओकच्या झाडांचं आवार, हा मळा गावाच्या एका टोकाला, शेजारच्या मोंतेली गावाच्या बाजूला, उताराच्या वरच्या अंगाला आहे. माती पातळ, दगड फार. इथली वाइन तरुणपणी ताठ असते आणि उशिरा खुलते. त्यात २००५ हे कोरडं वर्ष. मणी लहान राहिले, साल जाड झाली. लाल वाइनचा रंग सालीतूनच येतो आणि तुरटपणाही बराचसा तिच्यातूनच, त्यामुळे त्या सालच्या वाइन फार दमदार निघाल्या आणि लगोलग मोठं वर्ष म्हणून गाजल्या. थोडक्यात, ताठ मळा आणि त्याहून ताठ वर्ष. बागाईतदार बाई खोका गाडीत ठेवताना म्हणाल्या, “पंधरा वर्षं विसरून जा.” आम्ही दोन महिनेसुद्धा थांबलो नाही.

पॅरिसच्या जुन्या इमारतींत प्रत्येक घराच्या वाट्याला तळघरात एक कोठी येते. फळ्यांचं दार, साधं कुलूप, खाली माती, एक मिणमिणता दिवा. आमच्या शेजाऱ्यांच्या कोठ्यांत सायकली आणि मोडके पाळणे आहेत. आम्ही एक तापमापक टांगला, कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा. हिवाळ्यात १२, ऑगस्टमध्ये १७ अंशांपर्यंत, भिंती ओलसर. वाइनसाठी १२-१३ अंश, ओलावा भरपूर, उजेड नाही आणि बाटली आडवी, म्हणजे बूच आतून भिजलेलं राहतं, ही आदर्श व्यवस्था मानतात. आमचं तळघर शंभरात सत्तर गुण मिळवणारं होतं, आणि सत्तरवर मी खूश होते.

पान पहिलं, डिसेंबर २००८

वहीत तीन ओळी आहेत आणि त्यातल्या दोन उद्गारवाचक. रंग कोकमाच्या ताज्या आगळासारखा. करवंद, तुती, मागून लवंगेची चिमूट. तुरट होती, पण फळ इतकं होतं की तुरटपणा मागच्या बाकावर बसला होता.

इथे थोडं विषयांतर. पहिली काही वर्षं मी चव लिहिताना पुस्तकातले शब्द वापरायचे: चेरी, रास्पबेरी, व्हायोलेट. मग लक्षात आलं, की रास्पबेरी मी तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा खाल्ली आहे. तिची आठवण माझ्या नाकात रुजलेलीच नाही. करवंद मात्र आहे. आजोळच्या डोंगरावरचं, पानांच्या द्रोणातलं, देठाशी चीक असलेलं. तेव्हापासून वही मराठीत. तुरटपणाला तर आपल्याकडे अख्खा जिना आहे: कच्ची सुपारी, आवळा, जांभूळ, कात, पिकत आलेलं केळं. पिनो न्वार तरुणपणी जांभळापाशी असते आणि मुरली की काताकडे सरकते, हे मला कुठल्याच फ्रेंच पुस्तकाने सांगितलं नसतं.

पान दुसरं, फेब्रुवारी २०१२

नवऱ्याच्या ऑफिसातली चार माणसं जेवायला होती, ओव्हनमध्ये बदक होतं, आणि मी आधीच बढाई मारून ठेवली होती. वाइन ओतली आणि टेबलावर शांतता पसरली. वास जवळजवळ नाहीच. जिभेवर आधी आंबट, मग सुपारी, मग काहीच नाही. एका पाहुण्याने सभ्यपणे पाणी मागितलं. नवरा म्हणाला, “टेबल-खुर्च्या.”

मी वहीत लिहिलं: ‘संपली. पहिली प्यायलो तेच बरं.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीची, वेगळ्या शाईतली ओळ आहे: ‘तळाशी उरलेला अर्धा पेला. आज वास आहे. करवंद परत.’ ती ओळ लिहून मी विसरून गेले. खरं तर सगळं उत्तर तिच्यात होतं. चांगल्या लाल बर्गंडीत ताज्या फळाचा पहिला बहर तीन-चार वर्षांत ओसरतो. मुरल्यानंतरचे वास तेव्हा अजून यायचे असतात. मधल्या काळात उघडं पडतं ते नुसतं हाडांचं माप, म्हणजे तुरटपणा आणि आंबटपणा. फ्रेंच लोक अशा वाइनला ‘फर्मे’, बंद, म्हणतात. ती मेलेली नसते. रात्रभर हवा लागली तर किलकिले डोळे उघडते, जशी आमची उघडली. २००५ च्या वाइन या बाबतीत फारच हट्टी निघाल्या. कित्येक वर्षं त्या बंद होत्या, आणि आमच्यासारख्या अनेकांनी त्या नेमक्या याच काळात उघडून नावं ठेवली.

पान तिसरं, पुणे

डिसेंबर २०१२ मध्ये बाबांची साठी होती. सामानातून एक बाटली नेली. घरी शांत, होमहवन, गुरुजी, दोन दिवस पंगती. त्यात वाइनचं नाव काढायची सोय नव्हती. “पुढच्या खेपेला उघडू,” असं ठरलं. मी आईला सांगितलं, की आडवी ठेव, गार जागी ठेव, अंधारात ठेव. आई म्हणाली, “अगं, एवढी लांबून आणलीस, मी कशी तरी ठेवीन का?”

तिने ती हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवली. उभी. माझ्या शाळेतल्या ढाली आणि ताजमहालाची प्रतिकृती यांच्या मधोमध, पश्चिमेच्या खिडकीसमोर, आत छोटा दिवा. तिच्या दृष्टीने घरातली सगळ्यात मानाची जागा ती, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. त्या शोकेसने २०१३ आणि २०१४ असे दोन पुणेरी उन्हाळे काढले. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ३८ च्या वर. हॉलमध्ये दुपारी ३३-३४ सहज, काचेआड त्याहून जास्त.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उघडायला घेतली तेव्हा आवरण फिरवताच हाताला चिकट लागलं. बूच बाटलीच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं. बर्गंडीच्या बाटलीत वाइनची पातळी बुचापासून किती सेंटिमीटर खाली आहे, यावरून तिची तब्येत जोखतात. पॅरिसच्या बाटल्यांत ती दीड होती, इथे चार. वाइन तापली की फुगते आणि बुचाला वर रेटते, थोडी बुचाच्या कडेने झिरपते. रात्री गार झाली की आक्रसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढते. दोन उन्हाळे रोज हा श्वासोच्छ्वास चालला होता.

रंग विटकरी. वास जास्त उकळलेल्या गुळाच्या पाकाचा, मनुकांचा, आणि मागून व्हिनेगरचं टोक. बाबांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “औषधाच्या मानाने बरी आहे.” आईने मात्र वास घेऊन लगेच निदान केलं: “ही मुरली नाही, तापली. बरणी उन्हात राहिली की लोणचं असंच होतं.”

मुरणं आणि तापणं. हे दोन शब्द आईने वेगळे काढून दिले आणि माझ्या वहीची भाषा बदलली. उष्णतेने नुसता वेग वाढत नाही. बूच, तुरटपणा, रंग, वास यांची एकमेकांशी जुळवून घ्यायची जी संथ चाल असते, तीच मोडते. गार तळघरात तुरट द्रव्यांचे रेणू हळूहळू एकमेकांना धरतात, मोठे होतात, गाळ होऊन तळाशी बसतात. वाइन जिभेवर मऊ होत जाते आणि तेवढ्यात फळाच्या वासाची जागा नवे वास घेत राहतात. पुण्यात फळ आधी भाजलं गेलं आणि तुरटपणा तसाच राहिला. ती नऊ वर्षांची बाटली चाळीस वर्षांची वाटत होती, म्हणणं चूक ठरेल. चाळीस वर्षांची चांगली बाटली अशी लागत नाही.

(ती रिकामी बाटली अजून शोकेसमध्ये आहे. आता तिच्यात मनीप्लँट आहे, आणि तो उत्तम वाढतो आहे.)

चौथी आणि पाचवी

चौथ्या बाटलीवर फार लिहिण्यासारखं नाही. मार्च २०१६, पॅरिस, बूच धडधाकट, पातळी उत्तम, आणि पेल्यातून पावसात भिजलेल्या जुन्या रद्दीचा वास. हा बुचाचा दोष. बुचाच्या सालीत बुरशीच्या करणीने टीसीए नावाचं रसायन तयार होतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा वाइनचा सुगंध झाकून टाकायला पुरतात. प्यायला अपायकारक नाही, पण प्यायचं कशासाठी? ठेवणीची चूक नाही, वर्षांची नाही. सहातली एक अशी नशिबाने घेतली. माझ्या मते एकच महागडी बाटली विकत घेऊन वीस वर्षं जपणारा माणूस जुगार खेळतो आहे. मध्यम दराच्या सहा घेतल्या तर निदान काही शिकायला मिळतं.

पाचवी, ऑक्टोबर २०१८. वाइनचं वय तेरा. या वेळी घाई नव्हती. दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवली, गाळ खाली बसला. उघडण्याआधी तळघरातून सरळ वर आणली, तेव्हा ती १५ अंशांवर होती. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यायची, हा सल्ला बिनहीटरच्या दगडी घरांच्या काळातला आहे, २२ अंशांच्या दिवाणखान्यात पिनो न्वार नुसती दारू लागते. मोठ्या पोटाचे पेले, पाव भरलेले. दुसऱ्या भांड्यात ओतून घेतली नाही. जुन्या बर्गंडीचा वास आधीच अंगाने हलका, तो ओतण्यातच निम्मा उडेल, अशी मला भीती असते. नवऱ्याचं मत उलट आहे. त्या दिवशी त्याचा पेला त्याने गदागदा हलवून घेतला.

सुरुवातीला करवंद, पण आता सुकत आलेलं. अर्ध्या तासाने वास बदलला: गाभुळलेली चिंच, वाळलेल्या गुलाबपाकळ्या, आणि खाली कुठे तरी पहिल्या सरीनंतरची जंगलातली जमीन. तुरटपणा जांभळावरून काताकडे निघालेला, पण अजून पोचलेला नाही. २०१२ ची तीच ही वाइन, यावर पाहुण्यांपैकी कुणाचा विश्वास बसला नसता. (त्यांना परत बोलावलं नव्हतं.) वहीत लिहिलं: ‘आणखी दहा वर्षं सहज. सहावी २०२८.’

नळ

२०१९ च्या उन्हाळ्यात इमारतीच्या हीटिंगचं काम निघालं. गरम पाण्याचे नवे नळ तळघराच्या छतावरून गेले आणि त्यातला एक आमच्या कोठीच्या डोक्यावरून. आम्हाला नोटीस आली होती. आम्ही वाचली आणि सही केली. तळघरात जाणं वर्षातून दोन-तीनदाच व्हायचं, मग कोविडच्या काळात तेवढंही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सूटकेस काढायला गेले, तेव्हा तापमापकावर डोळा गेला. हिवाळ्यात १९. उन्हाळ्यातला कमाल आकडा २१. म्हणजे चार हिवाळे आमची ‘गार कोठी’ वर्षभर ऊबदार होती, आणि हिवाळ्याचा तो १२ अंशांचा विसावा बाटलीला मिळालेलाच नव्हता.

पुणं तर नव्हतं. बूच जागेवर, पातळी दोन सेंटिमीटर. पण २०२८ पर्यंत थांबायचा धीर मला होईना. व्होलनेच्या बाईंना पत्र लिहून सगळं कळवलं आणि विचारलं, उघडू का? त्यांचं उत्तर आलं: इकडे घेऊन या, मीही एक काढते.

पान सहावं, व्होलने, एप्रिल २०२४

बाटली गाडीतून हलत गेल्याने आधी त्यांच्याकडे पोचवली आणि आम्ही दोन दिवस जवळच्या बोन गावी राहिलो. तेवढ्यात गाळ बसला. त्यांची बाटली त्यांच्याच तळघरातून आली, जिथे ती २००७ मध्ये भरल्यापासून एकदाही हलली नव्हती. तिच्यावर लेबल नव्हतं. बागाईतदार विकताना लेबल लावतात. तळघराच्या ओलीत कागद टिकत नाही. बाटलीवर काळी बुरशी आणि खडूने ‘०५’.

बाईंच्या मुलीने दुसऱ्या खोलीत दोन्ही ओतल्या आणि एका पेल्याच्या दांड्याला दोरा बांधला. कुठली कुठली हे तिलाच ठाऊक. पण खरं म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतं. पांढऱ्या कागदावर पेले तिरके धरताच दिसलं. दोरावाल्या पेल्यात मध्यभागी अजून माणिक, कडेला नुसती विटेची चाहूल. दुसऱ्यात सगळीकडे वीट आणि कड नारिंगी.

बिनदोऱ्याची, म्हणजे आमची. तिला वास आणायला पेला हलवावाही लागला नाही: अळंबी, ओला पालापाचोळा, जुन्या चपलेचं कमावलेलं चामडं, चिंच आता पुरती पिकलेली. जिभेवर रेशमासारखी. तुरटपणा काताच्याही पलीकडे गेलेला. बाईंची वाइन मात्र अजून करवंदापाशी होती, गुलाब ताजे, जंगल आत्ता कुठे दार वाजवत होतं, आणि शेवटी जांभूळ ठणठणीत. दोन बाटल्या एकाच पिंपातून निघालेल्या आहेत हे माहीत नसतं, तर मी दहा वर्षांचं अंतर सांगितलं असतं.

इथे मला लाज वाटायला हवी होती. मी तोंड उघडण्याआधी नवरा म्हणाला, “मला आपली आवडली.” आणि त्या क्षणी त्याचं बरोबर होतं. पहिल्या वीस मिनिटांत टेबलावरची जास्त सुंदर वाइन आमचीच होती. बाईंनीही दुसरा घोट आमच्याच पेल्यातून घेतला, मग आमचं बूच उचलून उजेडात फिरवलं आणि बाजूला ठेवलं. काही बोलल्या नाहीत.

पाऊण तासाने आमची उतरायला लागली. आधी पालापाचोळा गेला, मग फळ, शेवटी हाडकुळा आंबटपणा आणि सोया सॉसची छटा उरली. बाईंची त्याच वेळात चढत होती. तासाभराने गुलाबाखालून माती आली, दीड तासाने अळंबी. संध्याकाळी तळातला शेवटचा घोट बाईंनी मला दिला. तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला घोट होता.

मग हिशेब मांडायला बसलो, बाईंच्या स्वयंपाकघरातच, चीजच्या सालींत. पुण्याच्या दोन उन्हाळ्यांनी वाइन मारली. त्यावर चर्चा नाही. पॅरिसच्या नळाने मारली नाही, पळवली. अर्ध्या रस्त्यापर्यंत दोन्ही बाटल्या सारख्याच चालत होत्या, २०१८ च्या पाचवीवरून तसं वाटतं. पुढच्या चार-पाच वर्षांत आमची खूप पुढे निघून गेली. आमच्या वाट्याला पंचवीस वर्षांच्या वाइनची चुणूक अठराव्या वर्षी आली, पण ती वीस मिनिटांपुरती. बाईंच्या म्हणण्यानुसार ऊब तेवढी वाईट नाही, तिची सवय वाईट. मी विचारलं, म्हणजे काय? त्या म्हणाल्या, की एखादा उन्हाळा १८ अंशांवर गेला तर वाइन विसरते. हिवाळाच आला नाही तर विसरत नाही. हे त्यांचं चाळीस हंगामांचं निरीक्षण, आणि माझ्या सहा पानांत त्याला छेद देणारं काही नाही.

त्या दिवशी निघताना २०१९ सालच्या क्लो दे शेनच्या सहा बाटल्या घेतल्या, दुपटीहून जास्त भावाने. टेबल-खुर्च्यांचा विषय निघाला नाही; त्या आम्ही २०१४ मध्येच आणल्या होत्या. घरी वाइनसाठीचं एक छोटं विजेचं कपाट घेतलं आहे, १२ अंशांवर लावलेलं, स्वयंपाकघरात फार घरघरतं. चार बाटल्या त्यात आहेत. दोन मी तळघरात ठेवल्या, त्याच नळाखाली, खडूने ‘आधी’ लिहून. २०१९ हे ऊबदार, गोडवा असलेलं साल, मुळातच लवकर खुलणारं. नवऱ्याला घाईची वाइन आवडते हे आता वहीत नोंदलेलं आहे. पहिली २०२७ च्या दिवाळीत उघडायची, कपाटातल्या एकीशेजारी, दांड्याला दोरा बांधून.